अडीच चौकटींचं वर्तुळ

मार्चच्या शेवटी कुरुंद्याला गेलं की गावाआधी हळदीचा वास भेटतो. शिजवलेल्या हळदीचा हा वास ओला, मातकट आणि थोडा कडसर असतो. दोन दिवस तो कपड्यांतून जात नाही. वसमत तालुक्यातलं हे माझं आजोळ. मामाच्या शेतात ताडपत्रीवर हळद वाळत पडली होती आणि मी तिच्या कडेला बसून एक शोधनिबंध वाचत होतो. विषय होता अवकाश दुर्बिणींच्या कॅमेऱ्यातल्या पिक्सेलचा आकार. तीनदा वाचूनही डोक्यात नीट शिरत नव्हतं. मग नजर ताडपत्रीवर गेली.

हळकुंड लांबट असतं, त्यामुळे त्याला दिशा असते. पसरलेल्या हळदीत प्रत्येकाचं तोंड भलतीकडेच. एक टोकाईच्या डोंगराकडे, शेजारचं विहिरीकडे, तिसरं तिरपं. हजारो हळकुंडांची सरासरी दिशा काढायला बसलं तर हाती काहीच लागणार नाही, कारण या दिशा एकमेकींना खोडून काढतात. आता समजा, ताडपत्री रबराची आहे आणि रात्रीतून कुणीतरी ती एका बाजूनं किंचित ताणली, इतकी की तिच्यावर काढलेला शंभर मिलिमीटरचा गोल एका अंगानं १०१ मिलिमीटर झाला आणि दुसऱ्या अंगानं ९९. एखादं हळकुंड उचलून पाहिलं तर हा ताण दिसणार नाही. ते मुळातच लांबट आहे, त्यात भर पडली काय आणि घटली काय. पण सगळ्यांची सरासरी घेतली तर ती या वेळी शून्य येणार नाही. ताडपत्री कोणत्या बाजूला ओढली गेली हे ती सांगेल.

आकाशातल्या दूरच्या दीर्घिकांच्या बाबतीत खगोलशास्त्रज्ञ नेमकं हेच करतात. दीर्घिकेपासून निघालेला प्रकाश आपल्यापर्यंत अब्जावधी वर्षं चालत येतो. वाटेत कुठे वस्तुमान दाटलेलं असलं की तो किंचित वाकतो आणि दीर्घिकेचं चित्र किंचित ताणलं जातं. ते वस्तुमान बहुतांशी कृष्णद्रव्याचं असतं. हे द्रव्य प्रकाश देत नाही, प्रकाश अडवतही नाही. त्याचं अस्तित्व कळतं ते त्याच्या गुरुत्वाकर्षणातून. हा ताण साधारण एक टक्का किंवा त्याहून कमी असतो, तर दीर्घिकेचा जन्मजात लंबगोलपणा त्याच्या तीसेक पट. गणित सरळ आहे. नऊशे दीर्घिकांची सरासरी घेतली तर चूक आणि ताण सारखेच भरतात, म्हणजे हाती काही नाही. एक लाख घेतल्या तर चूक ताणाच्या दहाव्या हिश्श्यावर येते. म्हणून या कामाला लाखो, कोट्यवधी दीर्घिका लागतात. गुरुत्वाकर्षणानं चित्र असं किंचित ताणलं जाण्याला क्षीण गुरुत्वीय भिंग म्हणतात. मार्च २००० मध्ये चार स्वतंत्र गटांनी एकाच सुमारास जाहीर केलं की मोकळ्या आकाशातही हा ताण मोजता आला आहे. तोवर तो मोठमोठ्या दीर्घिकासमूहांच्या आसपासच सापडला होता.

या कामात मराठी माणसं आहेत आणि ती महत्त्वाच्या जागी आहेत. जपानची सुबारू दुर्बीण हवाईतल्या मौना केआ पर्वतावर आहे. तिचा आरसा ८.२ मीटरचा, आणि तिच्यावर हायपर सुप्रीम-कॅम नावाचा ८७ कोटी पिक्सेलचा कॅमेरा बसवला आहे. त्याच्या पहिल्या तीन वर्षांच्या विदेवरून विश्वाची मापं काढली गेली आणि ती एप्रिल २०२३ मध्ये जाहीर झाली. आकाशाचा सुमारे ४१६ चौरस अंश तुकडा, सुमारे अडीच कोटी दीर्घिका. हे विश्लेषण ज्यांच्या नेतृत्वाखाली झालं त्यांत पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेचे सुरहुद मोरे होते. आयुकातल्याच अनुप्रीता मोरे जोरकस भिंगाचा, म्हणजे जिथे दीर्घिकेचं चित्र पार कमानीसारखं वाकतं त्या प्रकाराचा अभ्यास करतात. अशी भिंगं सामान्य नागरिकांच्या मदतीनं शोधायचा ‘स्पेस वॉर्प्स’ हा उपक्रम २०१३ मध्ये सुरू झाला, त्याच्या त्या एक प्रवर्तक. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत शशिकुमार चित्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भिंगांवर काम केलं ते थेट १९८० च्या दशकाच्या आरंभी. म्हणजे १९७९ मध्ये आकाशात एकाच क्वेसारची दोन चित्रं शेजारी शेजारी सापडली त्यानंतर अवघ्या काही वर्षांत. ही परंपरा आपल्या शाळांत सांगितली जात नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

*

संध्याकाळी मामेभावाची सातवीतली मुलगी गणिताची वही घेऊन माझ्याजवळ आली. “काका, तुम्ही दुपारपासून काय वाचताय?” मी म्हणालो, सांगून कळणार नाही, करून पाहू. तिची चौकटीची वही घेतली. एक चौकट एक सेंटिमीटरची. कंपासनं अडीच सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ तीनदा काढायचं. पहिल्यांदा कंपासचं टोक चौकटीच्या बरोबर मध्यात, दुसऱ्यांदा चौकटीच्या उभ्या रेघेच्या मध्यावर, तिसऱ्यांदा दोन रेघा छेदतात त्या बिंदूवर. मग नियम एकच: जी चौकट वर्तुळानं अर्ध्याहून जास्त व्यापली ती पूर्ण रंगवायची, बाकीची कोरी ठेवायची. रंगवून झालं की वर्तुळ खोडायचं.

तिनं पेन्सिल दाबून रंगवलं आणि खोडरबर फिरवलं. पहिल्या जागी उरलं अधिकचं चिन्ह, पाच चौकटींचं. दुसऱ्या जागी उभी वीट, दोन रुंद आणि तीन उंच. तिसऱ्या जागी दोन बाय दोनचा चौकोन. ती बराच वेळ वहीकडे बघत राहिली. “पण तिन्ही गोल सारखेच होते ना?”

सारखेच होते. फक्त जाळीवर पडले वेगवेगळ्या जागी.

कॅमेऱ्याचा सेन्सर म्हणजे ही चौकटीची वही. एक पिक्सेल म्हणजे एक चौकट, आणि पिक्सेलच्या आत प्रकाश कुठे पडला हे सेन्सर सांगू शकत नाही. तो फक्त एकूण किती पडला ते सांगतो. अर्थात खरा सेन्सर आमच्यासारखं ‘रंगव किंवा सोड’ करत नाही. तो चौकटीत पडलेला प्रकाश मोजतो, म्हणजे फिकट-गडद छटा ठेवतो. त्यामुळे विकृती आमच्या वहीपेक्षा पुष्कळ कमी होते, पण नाहीशी होत नाही. आणि इथे शोध एक टक्क्याचा आहे.

सलग चित्राची अशी ठिकठिकाणची मापं घेणं, म्हणजे नमुने घेणं, याला एक जुना नियम आहे. चित्रात जी सर्वांत बारीक लहर आहे, तिच्या एका लांबीत निदान दोन नमुने पडले पाहिजेत. तेवढे पडले तर मूळ चित्र तंतोतंत परत उभं करता येतं. कमी पडले तर बारीक तपशील नुसता हरवत नाही, तो खोट्या रूपात परत येतो. सिनेमात धावत्या टांग्याचं चाक उलटं फिरताना आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. कॅमेरा सेकंदाला २४ चित्रं घेतो, चाकाच्या आऱ्या त्याहून वेगानं जागा बदलतात, आणि पडद्यावर अशी गती दिसते जी तिथे नव्हतीच. जे नव्हतं ते दिसणं हा या चुकीचा खरा धोका. हरवलेली गोष्ट निदान हरवली म्हणून कळते.

कुरुंद्याच्या माणसाला नमुन्यांचं महत्त्व वेगळ्या कारणानं ठाऊक आहे. सरकारदरबारी पाऊस महसूल मंडळानुसार मोजला जातो आणि मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पडला की अतिवृष्टी धरतात. मंडळात गावं अनेक, पर्जन्यमापक एखादाच. ढग एका शिवारावर फुटतो आणि मापक दुसऱ्या शिवारात असतो. जुलै २०२२ मध्ये रातोरात पाणी कुरुंद्यात शिरलं, घरांत कमरेएवढं उभं राहिलं, तेव्हापासून मामा पावसाचा आकडा ऐकला की आधी विचारतो, मापक कुठंय? इतका शहाणा प्रश्न मी खूप कमी वेळा ऐकला आहे.

*

आता थोडी मापं. जुन्या पंचांगात अंश, कला, विकला असतात: अंशाच्या साठ कला, कलेच्या साठ विकला. वहीतला अडीच सेंटिमीटरचा गोल पाच किलोमीटरवरून पाहिला तर तो साधारण एक विकला भरेल. ज्या दीर्घिकांचे आकार मोजायचे त्या बहुतेक एका विकलेहूनही लहान असतात.

सुबारूच्या कॅमेऱ्याचा एक पिक्सेल ०.१६८ विकलांचा आहे. मौना केआवरची हवा फार शांत, तरी ती ताऱ्याच्या टिंबाला पसरवून सुमारे ०.६ विकलांचा ठिपका करते. म्हणजे ठिपक्याच्या रुंदीत साडेतीन पिक्सेल बसतात. नमुने पुरेसे झाले. हवेनं बारीक तपशील आधीच पुसून टाकला, त्यामुळे जाळीला खोटं दाखवायला काही उरलं नाही. पण त्याच हवेनं दीर्घिकेचा लंबगोलपणाही बुजवून गोलाकडे नेला, आणि तो किती बुजला हे ताऱ्यांच्या ठिपक्यांवरून काढून परत भरावा लागतो.

अवकाशात उलटं. तिथे हवा नाही, चित्र सुरीसारखं धारदार. युरोपची युक्लिड दुर्बीण १ जुलै २०२३ ला सुटली. तिचा आरसा १.२ मीटरचा. आरशाचा व्यास आणि प्रकाशाची तरंगलांबी यांवरून चित्रात बारीकात बारीक तपशील किती असेल ते ठरतं, आणि वरच्या दोन नमुन्यांच्या नियमानं युक्लिडला पिक्सेल हवा सुमारे ०.०६ विकलांचा. प्रत्यक्षात आहे ०.१ चा. अमेरिकेच्या नॅन्सी ग्रेस रोमन दुर्बिणीचा आरसा २.४ मीटरचा आणि तिचे पिक्सेल ०.११ विकलांचे. ती अवरक्त प्रकाशात पाहणार असली तरी तिथेही पिक्सेल जेवढा हवा त्याच्या सुमारे दुप्पट मोठा आहे. हबल दुर्बिणीच्या १९९० च्या दशकातल्या रुंद क्षेत्राच्या कॅमेऱ्यात तर ही तफावत याहूनही मोठी होती.

मग बारीक पिक्सेल का घेतले नाहीत? कारण पिक्सेलची संख्या ठरलेली असते. पिक्सेलची बाजू निम्मी केली तर तेवढ्याच पिक्सेलमध्ये आकाश चौथा हिस्सा मावतं. शिवाय प्रत्येक पिक्सेल वाचताना थोडा गोंगाट मिसळतो, आणि तोच प्रकाश जास्त पिक्सेलांत वाटला की तो गोंगाट वाढतो. कोट्यवधी दीर्घिका हव्यात तर आकाश भरपूर पाहायला हवं, आणि आकाश भरपूर पाहायचं तर जाळी थोडी मोकळी ठेवावी लागते. हा सौदा जाणूनबुजून केलेला आहे. माझ्या मते तो बरोबरही आहे, पण त्याची किंमत नंतर गणितातून चुकवावी लागते.

ती किंमत किती? मी हळदीशेजारी बसून जो निबंध वाचत होतो तो २०२१ चा, अरुण कन्नवाडी, एरिक रोझेनबर्ग आणि हेन्क हुकस्ट्रा यांचा. आकार मोजायची एक नावाजलेली पद्धत अशी आहे की खऱ्या चित्रालाच संगणकात आपण होऊन थोडा ताण द्यायचा आणि आपलं माप त्यामुळे किती हललं ते पाहायचं. एक टक्का ताण दिला आणि माप ०.९ टक्क्यानं हललं, तर माप दहा टक्के कमी दाखवतंय हे कळलं, तेवढी दुरुस्ती करायची. पद्धत सुरेख आहे, कारण दीर्घिका मुळात कशी असावी याबद्दल तिला काही गृहीत धरावं लागत नाही. पण संगणकात चित्र ताणायचं तर पिक्सेलांच्या मधलं चित्रही ठाऊक हवं. जाळी मोकळी असेल तर ते ठाऊक नसतं, आणि ताणताना ती खोटी लहरही ताणली जाते. या तिघांनी दाखवलं की युक्लिडसारख्या चित्रांवर यामुळे ताणाच्या मापात सुमारे एक टक्क्याची चूक येते आणि रोमनच्या बाबतीत त्याहून मोठी. युक्लिडला परवडणारी चूक या एक टक्क्याच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास आहे.

आकाशात तर दीर्घिका जाळीवर कुठेही पडतात. कुणी चौकटीच्या मध्यात, कुणी रेघेवर. मग वहीतली उभी वीट आणि कुठेतरी दुसरीकडची आडवी वीट सरासरीत एकमेकींना खोडणार नाहीत का? खोडतात. चौरस जाळी उभ्या-आडव्यात भेद करत नाही, म्हणून जाळीमुळे सगळ्या दीर्घिका एकाच बाजूला कलल्या असं सहसा होत नाही. जे खोडलं जात नाही ते वेगळंच: खरा ताण असेल तर तो सगळीकडे थोडा थोडा कमी किंवा जास्त मोजला जातो. गजाचीच लांबी चुकली तर कितीही कापड मोजा, चूक त्याच प्रमाणात राहते. अडीच कोटीच्या जागी शंभर कोटी दीर्घिका घेतल्या तरी ही चूक तसूभरही हलणार नाही. मला या सगळ्या विषयात सर्वांत जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट हीच वाटते. संख्या वाढवून सुटणारी ही अडचण नाही.

त्या तिघांनी सुचवलेला उपाय साधा आहे. आकार मोजताना दीर्घिकेच्या मध्यभागावर फार एकवटायचं नाही, थोडं रुंद क्षेत्र वजनात धरायचं. बारीक लहरींचा हिस्सा त्यानं दबतो. थोडा गोंगाट वाढतो, पण चूक जाते.

*

दुसरा उपाय वहीतच होता आणि तो मुलीनंच काढला. तिला म्हटलं, आता तिन्ही चित्रांवरून मूळ आकार ओळखता येईल का? तिनं ट्रेसिंग पेपर मागितला. घरात नव्हता, म्हणून तेल लावून कागद पारदर्शक केला. तिन्ही आकृत्या त्यावर उतरवल्या आणि कंपासचं टोक एकाच जागी येईल अशा एकावर एक ठेवल्या. अधिकच्या चिन्हाचे हात बाहेर आले, विटेनं वर-खाली भरलं, चौकोनानं कोपरे दिले. शेवटी तिनं वीट आडवी करून चौथ्यांदा उतरवली. दिव्यासमोर धरलं तर मध्ये गडद, कडेला फिकट होत गेलेला गोल दिसत होता. पूर्ण गोल नव्हे, पण कुणीही त्याला वीट म्हटलं नसतं.

दुर्बिणी असंच करतात. आकाशाचा तोच तुकडा पुन्हा टिपायचा, पण दर वेळी दुर्बीण अगदी थोडी सरकवून, म्हणजे पिक्सेलच्या अंशभर वेगळ्या जागी. युक्लिड प्रत्येक जागी असे चार वेळा चित्र घेते. डिसेंबर १९९५ मध्ये हबलनं दहा दिवस आकाशाच्या एका इवल्याशा कोपऱ्याकडे टक लावून ३४२ चित्रं घेतली, तेव्हा ती एकत्र करण्यासाठी अँड्र्यू फ्रूक्टर आणि रिचर्ड हुक यांनी एक रीत बसवली. तिचं नाव त्यांनी रिमझिम पावसावरून ठेवलं. प्रत्येक पिक्सेल आक्रसून त्याचा थेंब करायचा आणि तो खालच्या बारीक जाळीवर, जिथला असेल तिथे टाकायचा. अनेक चित्रांचे थेंब पडत गेले की बारीक जाळी भरते. २००२ मध्ये छापून आलेली ही रीत आजही रोजच्या वापरात आहे.

आकार मोजणाऱ्यांना मात्र ती पुरत नाही. थेंब कुठे किती पडले यावर त्या जागचं चित्र अवलंबून राहतं, त्यामुळे ताऱ्याचा ठिपका चित्रात जागोजागी थोडा बदलतो. २०११ मध्ये बार्नबी रो, ख्रिस्तोफर हिराटा आणि जेसन ऱ्होड्स यांनी उलट्या बाजूनं विचार केला. शेवटच्या चित्रात ताऱ्याचा ठिपका कसा दिसला पाहिजे हे आधी ठरवायचं, आणि तसाच दिसेल अशा बेतानं प्रत्येक मूळ पिक्सेलला किती वजन द्यायचं ते सोडवायचं. आकडेमोड अफाट, पण रोमनच्या तयारीत हाच मार्ग धरला आहे.

यानंतरही कुणी आपल्या मापावर डोळे झाकून विश्वास ठेवत नाही. सुबारूच्या गटानं हबलनं टिपलेल्या खऱ्या दीर्घिका घेतल्या, संगणकात त्यांना ठरावीक ताण दिला, हवा आणि कॅमेरा जसं बिघडवतात तसं चित्र बिघडवलं आणि दिलेला ताण परत मोजता येतो का ते तपासलं. चूक एक टक्क्याच्या आत राहील इथवर ते आले. विश्लेषण करतानाही खरे आकडे स्वतःपासून झाकून ठेवले होते, म्हणजे मनासारखं उत्तर आलं की थांबायचा मोह नको. झाकण काढलं ते सगळ्या तपासण्या झाल्यावर.

आलेलं उत्तर विश्वातलं द्रव्य किती गुठळ्यांनी जमलं आहे याचं माप होतं. सुबारूच्या एका विश्लेषणात ते ०.७७६ आलं. विश्वाच्या बाल्यातल्या प्रकाशावरून प्लांक उपग्रहानं बांधलेला अंदाज ०.८३ च्या आसपास. फरक लहान, पण योगायोग म्हणून सोडून देण्याइतका लहान नाही. २०२५ मध्ये युरोपच्या किड्स नावाच्या अशाच सर्वेक्षणाचं अखेरचं उत्तर आलं ते ०.८१५, म्हणजे प्लांकच्या जवळ. त्यांचं आधीचं उत्तर बदललं ते मुख्यतः दीर्घिकांची अंतरं आता अधिक नीट ठरवता आली म्हणून. विश्वाबद्दलच्या आपल्या समजुतीत खरंच भेग आहे की आपल्या गजात, हा प्रश्न इतका बारीक झाला आहे की पिक्सेलच्या कडेला काय घडतं हे समजल्याशिवाय त्याला हात घालता येत नाही. चिलीतल्या रुबिन वेधशाळेनं २३ जून २०२५ ला पहिली चित्रं दाखवली. तिचा कॅमेरा ३२० कोटी पिक्सेलचा. युक्लिड वर चालूच आहे, रोमन तयारीत आहे. दीर्घिका आता अब्जांनी मोजल्या जातील, आणि गज दुरुस्त करणाऱ्यांचं काम त्याच प्रमाणात मोलाचं होईल.

*

रात्री गच्चीवर गेलो. वीज गेली होती, त्यामुळे आकाश भरगच्च दिसत होतं. मुलगी तेलकट कागद घेऊन वर आली आणि विचारू लागली की हे सगळं पुण्याला आणि परदेशातच होतं का. मी तिला औंढ्याच्या दिशेला हात करून दाखवला. औंढा नागनाथ तालुका आमच्या तालुक्याला लागूनच आहे. तिथे दुधाळ्याला लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहते आहे. केंद्रीय मंत्रिमंडळानं एप्रिल २०२३ मध्ये तिला सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. काटकोनात दोन बाहू, प्रत्येक चार किलोमीटरचा. ती भिंगं शोधणार नाही, गुरुत्वलहरी ऐकणार आहे. पण तिलाही सलग येणारी लहर नमुन्यांतच धरावी लागेल. अमेरिकेतल्या लायगोची यंत्रं सेकंदाला १६,३८४ वेळा नमुना घेतात.

“एका सेकंदात?” तिनं विचारलं. मग तिनं वही उघडली, अंधारातच एक चौकट बोटानं चाचपली आणि म्हणाली, “मग त्यांची चौकट किती बारीक झाली, काका?”

आम्ही मोबाइलच्या उजेडात भागाकार मांडला.